रंग धरणारी माणसं

त्या घरात 'पिवळा कुठे गेला?' असं कुणी विचारलं, तर 'अंघोळीला' असं उत्तर यायचं. पिवळा म्हणजे बाबा. निळी म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. तपकिरी म्हणजे दादा. तो बेकरीत पाव भाजायचा आणि नेमका हाच रंग त्याच्या वाट्याला यावा, यावर चेष्टा करून करून सगळे थकले होते. हिरवी म्हणजे दादाची बायको, म्हणजे वहिनी. आणि लाल म्हणजे धाकटी लेक. तिला घरात फिरकी म्हणत, कारण एका जागी टिकणं तिला माहीत नव्हतं. आईला रंग नव्हता. आईच्या हातात सुई असायची.

आई काठ भरायची. पडद्यांचे, चादरींचे, टेबलावरच्या कापडांचे. तिचा खास काठ म्हणजे लाटांचा. त्यात एक रंग संपला मग दुसरा, असं सरळ काम नाही. चार टाके लाल झाले की शेजारी चार गुलाबी, त्याच्यावर केशरी, त्याच्यावर पिवळा, अशा दहा रंगांच्या लाटा एकमेकींच्या अंगावर चढत पुढे सरकतात. म्हणजे दहा सुया, दहा दोरे, आणि सगळे एकाच वेळी कापडातून बाहेर लोंबणारे. दुसरी कुणी असती तर तिनं रंग बदलला की दोरा कापून टाकला असता. पण कापलं की मागे शेपूट राहतं, शेपटं साठली की काठ फुगतो, आणि फुगलेला काठ बघितला की आईला अन्न गोड लागत नसे. तेव्हा या घरात दोरा संपेपर्यंत कापायचा नाही, थांबवायचा. थांबलेले दोरे आपसात गुंतायला टपलेलेच असतात, म्हणून ते घरच्या माणसांनी धरून बसायचं. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन रंग. आई नाव घेईल त्यानं सुई पुढे करायची आणि टाके झाले की परत घ्यायची.

या धरण्याचेही नियम होते. दोरा ताणायचा नाही, सैल सोडायचा नाही. शिंक येत असेल तर आधी सांगायचं. नाक खाजलं तर शेजाऱ्याच्या खांद्यावर घासायचं, आणि शेजाऱ्यानं कुरकुर करायची नाही. हसायला बंदी नव्हती, पण हसू मानेच्या वरच ठेवायचं, हातापर्यंत येऊ द्यायचं नाही. हात अडकलेले असल्यामुळे तोंडं मोकळी असत, आणि जगातल्या एकूण एक माणसाचा समाचार कापड ताणून बसवलेल्या त्या लाकडी चौकटीभोवती घेतला जाई. फिरकीला आयुष्यात जे काही कळलं होतं, ते लाल दोरा हातात धरूनच कळलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला चौकटीभोवती कळली नव्हती. ती रस्त्यापलीकडे कळली. समोर भरतकामाचं एक कॉम्प्युटर मशीन होतं. डिझाइन भरून बटण दाबलं की ते एकटंच बारा रंगांत फुलं, पोपट, शाळांची बोधचिन्हं, जे म्हणाल ते काढून द्यायचं. आई त्याला 'ती खडखड' म्हणायची. त्या बाजूच्या फुटपाथवर तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिची दोन मोठी गिऱ्हाइकं त्या खडखडीनं पळवली होती, आणि रोज दुपारी आवाज थांबला की आई समाधानानं म्हणायची, "बिघडली." मशीन आधी एका म्हाताऱ्याचं होतं. तो आपल्या लेकीकडे राहायला गेला आणि दुकान भाच्याच्या हवाली करून गेला. तो भाचा म्हणजे मशीनवाला. फिरकीला प्रेमात पडायला सबंध शहर मोकळं होतं, पण ती पडली ती बरोबर त्याच्याच दारात.

मशीनवाल्याचं एकच म्हणणं होतं. "तुझ्या आईनं हो म्हटल्याशिवाय नाही." पळून जाऊन लग्न करायला तो तयार नव्हता. "पळून गेलं की माणसं मागे राहतात," तो म्हणायचा. "मला ती हवी आहेत." म्हणजे सगळं घोडं आईपाशी अडलं होतं. आणि फिरकी, जी एरवी दिवसभर टकळी चालवायची, तिचं आईसमोर गेलं की तोंड शिवल्यासारखं व्हायचं. कितीतरी दिवस ती आनंदानं आणि भीतीनं एकदमच तरंगत होती. पायऱ्या दोन-दोन उतरायची, दुधात मीठ घालायची, आणि कुणी 'काय गं?' म्हटलं की उगाच हसत सुटायची.

मग वहिनी गेली तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला. आणि नेमका तेव्हाच नाट्यगृहाच्या पडद्याला जोडायचा काठ संपत आला होता. व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्यायला येणार, हातभर काम बाकी, आणि हिरवा-जांभळा धरायला माणूस नाही.

"माझ्या ओळखीचा एकजण आहे," फिरकी म्हणाली. आपण हे बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. "हात स्थिर आहे त्याचा."

"काय करतो?" आईनं विचारलं.

"आपल्यातलंच. भरतकाम."

"पुरुष आणि भरतकाम?" आत्या म्हणाली.

"ताई, मी काय इथे पतंग उडवत असतो का?" बाबांनी विचारलं.

आईला फार चौकशी करायला वेळ नव्हता. ती एवढंच म्हणाली, "आण त्याला. येताना हात धुऊन ये म्हणावं."

दुपारी तो आला. नखातलं मशीनचं तेल काढायला त्यानं इतका साबण लावला होता की दादा शेजारी बसून शिंकायची सूचना देऊ लागला. आईनं मशीनवाल्याला बुटक्या स्टुलावर बसवलं, डाव्या हातात हिरवा दिला, उजव्यात जांभळा. समोर फिरकी, दोन्ही हातांत लाल आणि गुलाबी. दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे ते सारखे एकमेकांकडेच बघत होते.

आईनं काम सुरू केलं. हिरवा मागितला, घेतला, परत दिला. जांभळा मागितला, घेतला, परत दिला. मग म्हणाली, "हं."

त्या घरात 'हं' ही काय चीज होती, हे बाहेरच्याला कळायचं नाही. दादाला तो उभ्या आयुष्यात एकदाच मिळाला होता. त्यानं मान वळवून या पाहुण्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"कुणाकडे शिकलास?" आईनं विचारलं.

"मामाकडे."

"गुणी माणूस दिसतोय तुझा मामा."

त्या मामाच्या नावानं आई वर्षानुवर्षं बोटं मोडत आली होती. फिरकीच्या पोटात हसू उसळलं आणि मानेच्या वर यायच्या ऐवजी खांद्यात उतरलं.

"लाल, हलू नकोस," आई म्हणाली.

आत्याला नव्या माणसाची माहिती काढल्याशिवाय चैन पडत नसे. "लग्न झालंय का रे तुझं?"

"ठरायचं आहे."

"मुलगी बघितली आहेस?"

"मुलगी तयार आहे," मशीनवाला म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते. "तिच्या आईचं काही कळत नाही. त्यांना माझं काम पसंत नाही."

"काम पसंत नाही?" आईनं केशरी टाका ओढता ओढता विचारलं. "असा हात असलेल्या मुलाला नाही म्हणते? कसली कसली माणसं असतात."

बाबांनी फिरकीकडे पाहिलं. मग पाहुण्याकडे. मग परत फिरकीकडे. बाबा कमी बोलायचे, पण त्यांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागत नसे. त्यांच्या हातातला पिवळा हळूहळू थरथरू लागला.

"अहो, पिवळा," आई म्हणाली.

"थंडी वाजतेय," बाबा म्हणाले. उकाड्यानं सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते.

सगळं इतकं छान चाललं होतं की फिरकीला वाटलं, काठ पुरा झाला की आईच्या गळ्यात पडून सांगून टाकावं, झालं. आणि तेवढ्यात आई म्हणाली, "हिरवा थांबला. आता जांभळा." तिनं हिरवी सुई त्याच्या हातात परत दिली. त्यानं ती घेतली, चौकटीवरची छोटी कात्री उचलली, हिरवा दोरा कापडाला अगदी लागून कचकन कापला, सुई नीट बाजूला ठेवली, आणि नम्रपणे जांभळा पुढे केला.

 आत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हे काय केलंस?" आईनं विचारलं. ती ओरडली नाही, आणि म्हणूनच दादानं डोळे मिटून घेतले.

"रंग बदलला ना, काकू."

"रंग बदलला की कापतात?"

"हो, म्हणजे, ते आपोआप..." मशीनवाला थांबला. आपला हात आपल्याला कुठे घेऊन गेला हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. दिवसभर मशीनशेजारी उभं राहून, रंग बदलला की राहिलेलं दोऱ्याचं टोक तो कापत आला होता. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"रंग बदलला की कापणारी या रस्त्यावर एकच वस्तू आहे," आई म्हणाली. "ती खडखड."

फिरकीला पुढे काय बोलायचं ते माहीत नव्हतं, पण तोंड थांबायला तयार नव्हतं. "आई, तोच हा. समोरचा. आणि मला याच्याशीच लग्न करायचंय. आणि ती मुलीची आई म्हणजे तू. कसली माणसं असतात म्हणालीस ना, ती."

आई उठायला गेली, पण चौकटीचं एक टोक तिच्या मांडीवर होतं. "ऊठ आणि चालायला लाग," ती मशीनवाल्याला म्हणाली. तो बिचारा उठला. "जांभळा कुठे घेऊन चाललास? बस खाली." तो बसला. आईनं इकडेतिकडे पाहिलं. जांभळा घ्यायला कुणाचाही हात रिकामा नव्हता. ज्याला घराबाहेर काढायचं, त्यालाच धरून ठेवायची पाळी तिच्यावर आली होती.

"म्हणजे दुपारी ती खडखड थांबते ती..." तिनं सावकाश विचारलं.

"मी बंद करतो," मशीनवाला म्हणाला. "मागच्या गल्लीत हिला भेटायला."

"बिघडत नाही?"

"नाही, काकू. चांगलं मशीन आहे."

हे मात्र आईच्या जिव्हारी लागलं. लेकीचं प्रेम एक वेळ पचलं असतं, पण इतक्या दुपारींचं समाधान असं एका फटक्यात हातचं गेलं. तिचा चेहरा बघून आत्याला पहिलं हसू फुटलं. मग बाबांना. मग दादा शिंकला, सूचना न देता. नऊच्या नऊ दोरे तारेसारखे थरथरू लागले, चौकट डुगडुगायला लागली, आणि फिरकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं होतं की रडण्याचं हे पुसून बघायलाही हात मोकळा नव्हता.

"हात," आई म्हणाली. "हात सांभाळा. बाकी मरा खुशाल हसून."

कापलेलं टोक इतकं आखूड होतं की ते मागे नेऊन दडवताच येत नव्हतं. आईनं हिरवे टाके एकेक करून उसवायला घेतले. ओठ आवळलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टोक पुरेसं लांब झालं, तिनं ते मागे ओढून टाक्यांखाली लपवलं, नवा हिरवा ओवायला घेतला, आणि दिवे गेले.

संध्याकाळ झाली होती. खिडकीतून करडा उजेड येत होता, पण त्यात काम होण्यासारखं नव्हतं. दादा मेणबत्तीचं बोलला. मेणबत्तीत निळा आणि हिरवा सारखेच दिसतात, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दोरे खाली ठेवून वाट बघावी, तर नऊ रंगांचा असा गुंता झाला असता की सोडवता सोडवता सकाळ उजाडली असती, आणि सकाळी व्यवस्थापक दारात.

"माझ्याकडे बॅटरी आहे," मशीनवाला हळूच म्हणाला. "डिझाइन मध्येच थांबू नये म्हणून ठेवावी लागते. पांढरा दिवा आहे. रंग नीट दिसतात."

"त्या दुकानात मी मेले तरी पाऊल ठेवणार नाही," आई म्हणाली.

यावर बाबा जे बोलले, ते त्यांच्या संसारातलं पहिलंच बंड असावं. "मग मी पिवळा सोडतो," ते म्हणाले.

"अहो."

"सोडतो म्हणजे सोडतो."

"मी निळा," आत्या म्हणाली. तिला असल्या गोष्टीत मागे राहणं जमत नसे. दादानं तपकिरीचा हात उंच केला. फिरकीनं नुसता लाल पुढे केला, आणि आईनं तिच्याकडे पाहिलं तरी मागे घेतला नाही.

आईनं चौकटीचं एक टोक उचललं. दुसरं टोक उचलायला रिकामा हात फक्त एकाचाच होता. ज्यानं हिरवा कापला होता त्याचा.

तर अशी ती वरात निघाली. मधे चौकट, एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला उजव्या हातात जांभळा सांभाळत मशीनवाला. डावीकडे आत्या आणि बाबा, उजवीकडे दादा आणि फिरकी. सगळे दोन्ही हात छातीसमोर धरून खेकड्यासारखे तिरके चालत होते. उंबऱ्याशी आत्या म्हणाली, "माझी चप्पल," आणि आई म्हणाली, "अनवाणी चला." पायऱ्या उतरताना दादानं 'एक, दोन' म्हणायला सुरुवात केली आणि कुणाचीच पावलं जुळेनात. रस्त्याच्या मध्यावर एक टेम्पोवाला करकचून थांबला. त्यानं डोकं बाहेर काढलं, दिव्याच्या झोतात नऊ रंगीत दोरे पाहिले, आणि विचारलं, "काय चाललंय काय?"

"काठ भरतोय," आत्या म्हणाली. "दिसत नाही का?"

टेम्पोवाल्यानं दिवा तसाच ठेवला आणि ते पलीकडे पोचेपर्यंत थांबून राहिला. फिरकीला इतका आनंद झाला होता की आपण जमिनीवर चालतोय याची तिला खात्री नव्हती. आई मशीनवाल्याच्या समोरासमोर उलट्या पावलांनी चालत होती, आणि तो तिला सांगत होता, "सांभाळून, काकू. आता फुटपाथ. जरा उंच आहे." आणि ती ऐकत होती.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. मध्ये ते मशीन, त्याच्यावर बारा रिळं तारांच्या कड्यांमधून निमूट उभी. भिंतीला टेकून एक खुर्ची. मशीनवाल्यानं दिवा लावला. आई खुर्चीवर बसली, बाकीचे तिच्याभोवती दाटीवाटीनं उभे राहिले, आणि काम सुरू झालं. हिरवा परत त्याच्या हातात आला. तो आता श्वाससुद्धा विचारून घेत होता. आई रंगांची नावं घेत राहिली आणि सुया पुढेमागे होत राहिल्या. शेवटी जांभळ्याचे चार टाके झाले आणि काठ पुरा झाला.

सगळ्यांनी हात खाली सोडले, बोटं मोडली, नाकं खाजवली. आई उठली नाही. ती मशीनकडे बघत होती.

"यांना कोण धरतं?" तिनं रिळांकडे बोट दाखवून विचारलं.

"कुणी नाही. त्या तारांतून येतात."

"मग तुझ्याशी बोलतं कोण दिवसभर?"

मशीनवाल्यानं एका रिळाचं सुटलेलं टोक उगाच गुंडाळलं. 

आईनं चष्मा काढला. "मला मशीनचा राग नाही," ती फिरकीला म्हणाली.  "म्हणजे आहे. पण तो वेगळा. तू गेलीस की लाल कोण धरणार? एक एक करून सगळे जातील आणि मी सुई घेऊन एकटी बसेन, असं वाटतं मला."

फिरकी तिच्यापाशी जमिनीवर बसली. इतक्या दिवसांत तिनं आईच्या रागाचाच विचार केला होता. त्या रागाखाली आई घाबरलेली असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि याची तिला आता फार लाज वाटली. "आई," ती म्हणाली, "आत्ता सगळं घर रस्ता ओलांडून आलं, आणि एक दोरा तुटला नाही. मला एकटीला रोज यायला कितीसं जड जाणार आहे?"

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं चष्मा चढवला आणि दुकान पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं चारी बाजूंनी न्याहाळलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"इथे एकच खुर्ची आहे," ती मशीनवाल्याला म्हणाली. "आम्ही सगळे आलो की बसायचं कुठे? उभ्यानं का?"

"आणतो, काकू," तो म्हणाला. त्याला अजून नीटसं उमजलं नव्हतं. "किती आणू?"

"मोज की. टाके मोजतोस ना?"

त्यानं मोजलं. आईपासून सुरुवात केली, मग बाबा, आत्या, दादा. वहिनी परत येईल, तिची एक. फिरकीपाशी आला तेव्हा त्याला उमजलं. "सहा," तो म्हणाला.

"सहा?" आई म्हणाली. "आणि तू काय जन्मभर उभाच राहणार आहेस?"